अर्धं शटर

सकाळी साडेआठ ते साडेनऊ या तासाभरात मिस्त्री आपल्या दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून चहा प्यायचा आणि कोण उघडलं ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. खडखडत जाऊन वर धाडकन आपटलं, की चष्मेवाला. किंचाळत गेलं, की पुस्तकं बांधणारा. त्या शटरला तेल घाल म्हणून सांगून सांगून मिस्त्रीचा घसा कोरडा पडला होता. दोन दमांत उघडलं, की चपलावाला, कारण त्याला दमा. आणि अर्ध्यावर जाऊन अडकलं, मग एक लाथ, मग "जा की मेल्या वर!" असा बाईमाणसाचा आवाज, की ती आक्का.

आक्का मिस्त्रीची सख्खी थोरली बहीण. रस्त्यावरच्या चौसष्ट शटरांपैकी त्रेसष्ट मिस्त्रीनं हातानं सरळ केली होती, घरचं तेवढं राहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय वेगळा असतो? शटर ज्या लोखंडी खाचेतून वरखाली होतं, ती उजव्या बाजूची खाच कमरेच्या उंचीवर आत चेपली होती. तासाभराचं काम. पण बहिणीचं काम म्हणजे फुकटचं काम, आणि फुकटचं काम म्हणजे उद्याचं काम.

"जगाची शटरं करतोस, माझं कधी रे?" आक्का विचारायची.

"करतो गं. उद्या."

"तुझा उद्या मी मेल्यावर उजाडणार."

हे संभाषण अकरा वर्षं चाललं होतं.

आक्काचं दुकान बटणांचं. बटणं, दोरे, चेनी, लेस, हूक, इलॅस्टिक. भिंतभर लहान लहान खण, आणि प्रत्येक खणावर आत जे बटण आहे त्यातलं एक बाहेर टाचलेलं. गिऱ्हाईक यायचं, मुठीत एकुलतं एक बटण घेऊन. कोटाचं एक हरवलंय, अस्संच द्या. आक्का ते बोटात फिरवायची आणि न बघता हात वर करून नेमका खण ओढायची. आई गेली तेव्हा ती चौदाची आणि मिस्त्री पाचाचा. बाप दिवसभर शटरं ठोकत हिंडायचा. ती या दुकानात मावशीच्या हाताखाली कामाला बसली आणि भावाला गल्ल्याखाली सतरंजीवर निजवलं. पुढं मावशीमागं दुकान तिचं झालं. तिला एक मुलगी झाली, नवरा लवकर गेला, मुलगी शिकून दूरच्या गावी कपड्यांच्या कारखान्यात लागली. मिस्त्रीनं लग्न केलं नाही. का केलं नाही, तर त्यालाही आक्का म्हणायची, "उद्या करणार असेल."

आता या रस्त्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यापायीच घडलं.

रस्त्यावरच्या दुकानदारांत कोणाचं काही बरंवाईट झालं, की मिस्त्री कोपऱ्यातली आकड्याची लांब काठी उचलायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक शटर कमरेइतकं खाली ओढत जायचा. त्याच्या आधी त्याचा बाप हेच करायचा. पूर्ण बंद नाही हं. गेलेल्याबरोबर जाता येत नाही, पोट आहे. अर्धं शटर. धंदा चालू, पण गिऱ्हाईकाला आत यायचं तर वाकून यावं लागायचं. ओळखीचा असो नसो, गेलेल्यापुढं मान झुकवल्याशिवाय त्या दिवशी रस्त्यावर कोणाला सुईसुद्धा मिळायची नाही. गाडी माणसाला घेऊन रस्त्याबाहेर पडली, की मिस्त्री पुन्हा काठी घेऊन सगळी शटरं वर सारायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. पण यात कधी खंड पडला नव्हता.

रस्त्याला मात्र उतरती कळा लागली होती. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर थंड हवेची दुकानं झाली आणि गिऱ्हाईक तिकडं पांगलं. फरशा उखडल्या, दिवे गेले, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना पुठ्ठे लागले. मग एक दिवस चौकात भला मोठा फलक उभा राहिला. रस्ता नव्यानं उभा करणार. निम्मा पैसा सरकारचा, निम्मा एका कंपनीचा. फलकावर चित्र होतं. झाडं, बाकडी, काचेची दारं, आणि हसत हसत फिरणारी सडपातळ माणसं.

चष्मेवाला बराच वेळ ते चित्र निरखत राहिला. "मिस्त्री, यातल्या एकालाही चष्मा नाही हो. माझं काय होणार?"

"एकही शटर नाही," मिस्त्री म्हणाला. "माझं आधी होणार."

हसले दोघे. पण घोडं कुठं पेंड खात होतं ते बारीक अक्षरात होतं. जी दुकानं चालू असतील त्यांना त्याच जागी नवं दुकान, त्याच भाड्यात, तीस वर्षांचा हक्क, आणि हक्क पुढं मुलांकडं. जी बंद असतील ती कंपनीच्या घशात. चालू की बंद ते ठरवायला न सांगता तीन वेळा पाहणी व्हायची. दोनदा बंद सापडलात, की संपलं.

पहिली पाहणी झाली त्याच दिवशी नेमका पुस्तकं बांधणाऱ्याचा बाप गेला होता. रस्ताभर अर्धी शटरं. पाहणीला आलेला माणूस हातात टॅब घेऊन या टोकाकडून त्या टोकाला गेला. एकदाही वाकला नाही. शटर कमरेखाली म्हणजे बंद. चौसष्टच्या चौसष्ट दुकानांपुढं त्यानं 'बंद' लिहिलं आणि निघून गेला.

यादी लागली तेव्हा रस्त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे मिळून ऑफिसात गेले. चपलावाला धापा टाकत ओरडला, चष्मेवाल्यानं शुद्ध भाषेत अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, "अर्ज ठेवून जा, वरती पाठवतो." वरती म्हणजे कुठं ते कोणी विचारलं नाही. उत्तर काही आलं नाही, आणि पुन्हा जाऊन विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण ऑफिसातून चांगलं काही बाहेर येतं यावर या रस्त्याचा विश्वासच नव्हता.

दुसऱ्या पाहणीला सगळे सावध होते. चौसष्ट दुकानं सताड उघडी. सगळ्यांच्या नावावर एक बंद, एक चालू. आता तिसरी. या आठवड्यात नाहीतर पुढच्या.

आणि तेव्हाच आक्काच्या छातीत कफ भरला. घरी तीन जिने चढवेनात म्हणून तिनं दुकानातच, मागच्या बाजूला पडद्याआड, खाट टाकली. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात चला, तर म्हणाली, "गेले तर दुकान बंद. तिसरी पाहणी होऊ दे, मग न्या कुठं न्यायचं ते." मिस्त्री सकाळी मागच्या दारानं यायचा, तिला चहा द्यायचा, शटर उघडायचा, ती काउंटरमागं उशीला टेकून बसायची.

"पोरीला फोन करून बोलावू का?" त्यानं विचारलं.

"तिची रजा कापतील. आणि ऐक, तिसरी पाहणी होईस्तोवर मला मरायला सवड नाही. तरी मेलेच, तर शटर वर राहू दे. खाली ओढलंस तर बघ." आणि हसली. हसताना खोकला आला, तो पाच मिनिटं थांबला नाही.

मंगळवारी सकाळी मिस्त्री आठ वाजता मागच्या दारानं आत आला. हातात चहाचा थर्मास. "उठलीस का गं?" म्हणत पडदा सारला. आक्का कुशीवर होती, एक हात खाटेखाली लोंबत होता. तो तिचा हात उचलून वर ठेवायला गेला आणि त्याला कळलं. हात गार होता आणि वळत नव्हता.

तो खाली फरशीवर बसला. रडला का? नाही. रडू यायलाही जरा मोकळीक लागते. त्यानं तिचं तोंड पुसलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, आणि तेवढ्यात बाहेर खडखड धाड झालं. चष्मेवाला. मग किंचाळणारं. मग दोन दमांतलं. एकेक करून रस्ता उघडत होता.

आता काय करायचं? साधी गोष्ट. दुकानात जायचं, काठी उचलायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आक्कासाठी नाही करायचं तर कोणासाठी? पण आज पाहणी आली तर? अर्धं शटर म्हणजे बंद. दुसऱ्यांदा बंद. चौसष्ट दुकानं, एका दमात. सांगायचं आणि म्हणायचं, बाबांनो, शटरं वरच ठेवा? मिस्त्रीला एकेकाचा चेहरा दिसला. चष्मेवाला तरीही ओढणार, पुस्तकं बांधणारा तर नक्कीच; त्याच्या बापासाठी सगळा रस्ता वाकला होता. आणि चपलावाला मान खाली घालून म्हणणार, मिस्त्री, पोरंबाळं आहेत हो. जे ओढतील ते बुडतील, जे ओढणार नाहीत ते जन्मभर मनातून उतरतील. आणि काहीही झालं तरी बहीण आत पडलेली असताना भाऊ गल्ल्यावर बसलाय, हे चालणारच नव्हतं. म्हणजे आक्काचं दुकान बंदच. पोरीचं दुकान.

"तरी मेलेच, तर शटर वर राहू दे."

तो उठला. मागच्या दाराला आतून कडी घातली, पडदा नीट सारखा केला, टोकाला दोन टाचण्या लावल्या. पुढं आला आणि शटरला हात घातला.

शटर अर्ध्यावर जाऊन अडकलं.

रोजच अडकायचं, त्यात नवल काय? पण कमरेच्या उंचीवर थांबलेलं ते शटर बघून मिस्त्रीच्या पाठीतून कळ गेली. त्यानं खांदा लावला. हलेना. लाथ मारली. हलेना. मग गल्ल्याखालची हातोडी घेऊन त्यानं उजव्या खाचेवर घाव घातले, एक, दोन, पाच, सात, आणि शटर कुरकुरत वर गेलं.

"आज आक्कांना लवकर राग आला वाटतं!" समोरून चष्मेवाला ओरडला.

"हो ना," मिस्त्री म्हणाला. "बरं नाहीय तिला. पडून राहू दे म्हटलं, मी बसतो."

स्वतःच्या दुकानावर त्यानं हाताखालच्या पोराला बसवलं आणि तो आक्काच्या गल्ल्यावर बसला. शटरं सरळ करणारा माणूस, त्याला बटणातलं काय कळणार? एका बाईला काळा दोरा दिला तर तो निळा निघाला. एका म्हाताऱ्याला चेन दिली ती दोन बोटं आखूड. दहाच्या सुमारास एक तरुण शिंपीण आली, मुठीत तपकिरी चार भोकांचं बटण घेऊन. "अस्संच हवंय. लग्नाचा कोट आहे, संध्याकाळी द्यायचाय."

मिस्त्रीनं खण बघितले. तपकिरी चाळीस. चार भोकांची अठरा. तो एकेक ओढत राहिला, आणि पाचव्या खणावर वैतागून, न बघता, मान मागं वळवून म्हणाला, "आक्का, हे कुठं गं?"

म्हणाला आणि तसाच गोठला.

शिंपीण पडद्याकडं बघत थांबली. उत्तराची वाट बघत होती बिचारी. पडदा हलला नाही.

"झोपल्यात वाटतं," ती म्हणाली.

"हो. झोपलीय."

"राहू दे मग. मीच शोधते." तिनं काउंटरच्या आत येऊन दोन मिनिटांत खण शोधला, पडद्यापासून हातभर अंतरावर उभी राहून सहा बटणं मोजून घेतली.

एक वाजता आक्काचा फोन वाजला. भाची. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की ती रोज आईला फोन करायची. मिस्त्रीनं तो वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. नाही उचलला तर ती चष्मेवाल्याला करणार, हे त्याला माहीत होतं. उचलला.

"मामा? आई कुठंय?"

"झोपलीय गं. रात्रभर खोकत होती, आत्ताच डोळा लागलाय." आणि मग, खरं वाटावं म्हणून, त्याच्या तोंडून निघून गेलं, "उठवू का?"

"नको नको! उठवू नका. झोपू दे तिला. संध्याकाळी करते. तुम्ही जेवलात का?"

"जेवतो."

"जेवा हं मामा. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

फोन ठेवला. समोरच्या खणावरचं एक बटण तो बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही.

पाहणी आली चार वाजून दहा मिनिटांनी. या वेळी एक मध्यमवयीन बाई होती, पायात धुळीनं माखलेल्या सपाता, खांद्याला पिशवी. ती प्रत्येक दुकानात आत जाऊन बघत होती, दोन शब्द बोलत होती. बटणांच्या दुकानात आली आणि भिंत बघून थांबलीच.

"अगं बाई! किती प्रकार हे. दुकान कोणाचं?"

"बहिणीचं. आजारी आहे, आत पडलीय. मी बसलोय."

"कोणीतरी बसलंय, बास झालं." तिनं टॅबवर बोट टेकवलं. "चालू. झालं तुमचं. तीस वर्षं बघायला नको." मग स्टुलावर टेकून तिनं पदरानं घाम पुसला. "पाणी मिळेल का?"

त्यानं माठातलं पाणी दिलं. ती प्यायली आणि सहज बोलत राहिली. "तुमच्या रस्त्यानं मागं अर्ज दिला होता ना, अर्ध्या शटराचा? बरं केलंत. त्यावरून आदेश निघाला. आता कोणी वारलं असेल तर त्या दिवशी पाहणीच धरायची नाही. नुसतं सांगायचं, आम्ही दहा दिवसांनी येतो. परवा पलीकडच्या रस्त्यावर एक वारले, मी नुसती परत फिरले. माणसंच आहोत हो आम्ही पण."

मिस्त्रीनं ग्लास परत घेतला. "कधी निघाला आदेश?"

"महिना झाला की. ऑफिसच्या फळ्यावर लावलाय. तुम्ही वाचला नाही?"

मिस्त्रीचं तोंड उघडलं. तिथंच सांगता आलं असतं, बाई, दहा पावलांवर माझी बहीण मरून पडलीय, सकाळपासून. पण सकाळपासून म्हटलं, की मग 'चालू'चं काय? आणि सकाळपासून तो काय करत बसला होता, याचं काय? त्यानं तोंड मिटलं.

"नाही," तो म्हणाला. "वाचला नाही."

बाई उठली, "येते हं, बहिणीला जपा," म्हणाली आणि पुढच्या दुकानात गेली.

पाच वाजता रस्त्यावर गलका झाला. चौसष्टच्या चौसष्ट चालू! चपलावाला दम लागेस्तोवर हसला. पुस्तकं बांधणाऱ्यानं सगळ्यांना चहा सांगितला. चष्मेवाला दोन्ही हातांत दोन कप घेऊन रस्ता ओलांडून आला.

"मिस्त्री, सरका. पहिला कप आक्कांना."

"नको. राहू दे."

"राहू दे काय? झोपल्या असतील तर उठवा. आज नाही उठायचं तर कधी?" तो काउंटरच्या आत आला. पडद्याच्या टाचण्या त्याला दिसल्या. "हे काय? पडदा कशाला टाचलाय?"

मिस्त्रीनं त्याचा दंड धरला. इतका घट्ट, की चहा सांडला.

"गेली," तो म्हणाला.

"अहो, काय बोलताय? कधी?"

"आत्ता. आत्ताच."

डॉक्टर सहाला आले. त्यांनी आक्काचा हात उचलायला बघितला, मान बघितली, पापणी वर केली. मग मिस्त्रीकडं बघितलं. चष्मेवाला, पुस्तकं बांधणारा, चपलावाला, सगळे पडद्यापाशी उभे होते.

"बारा तास तरी झालेत," डॉक्टर म्हणाले. "पहाटे गेल्यात या." आणि कागदावर तसं लिहिलं.

चष्मेवाल्यानं रिकामे कप उचलले. जाताना दारात थांबला, म्हणाला, "मी समोर होतो हो, मिस्त्री. दिवसभर समोर होतो." आणि गेला.

भाची पहाटेच्या पहिल्या गाडीनं आली. आल्या आल्या आईपाशी बसली, आणि बायकांनी तिला सावरलं. मग डॉक्टरांचा कागद तिच्या हातात आला. तिनं तो वाचला. पुन्हा वाचला.

"मामा, काल एक वाजता मी फोन केला होता."

"हो."

"तेव्हा ती..."

"हो." मग तो घाईघाईनं बोलायला लागला. पाहणी, नियम, चौसष्ट दुकानं, तुझं दुकान, ती स्वतःच म्हणाली होती शटर वर राहू दे म्हणून. सगळं खरं होतं आणि एकही शब्द कामाचा नव्हता.

"ती मस्करी करत होती, मामा. ती सगळ्याच गोष्टींची मस्करी करायची." भाचीचा आवाज चढला नाही. "झोपलीय म्हणालात, तेवढं मी गिळलं असतं. माझ्या भल्यासाठी म्हणून गिळलं असतं. पण मी विचारलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, उठवू का? आणि मी म्हटलं, झोपू दे. मी जेवून पुन्हा मशीनवर बसले. हसले पण असेन कोणाशी."

मिस्त्री उठून आपल्या दुकानात गेला. कोपऱ्यातली काठी घेतली. बैल गेला नि झोपा केला, हे काय त्याला कळत नव्हतं? पण आता तरी. तो पहिल्या टोकाला गेला आणि बघतच राहिला. पहिलं शटर आधीच अर्ध्यावर होतं. दुसरंही. पुस्तकं बांधणाऱ्याचं, चपलावाल्याचं, सगळीच. प्रत्येकानं आपापल्या हातानं कमरेइतकं ओढून घेतलं होतं. त्याच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. तो काठी खांद्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालत गेला आणि परत आला. दुपारी गाडी आक्काला घेऊन रस्त्याबाहेर गेली, आणि शटरं पुन्हा वर गेली, तीही ज्याची त्यानं.

तीन आठवड्यांनी भाची परत आली ती थेट ऑफिसात. हक्काचा कागद कंपनीला लिहून दिला. जाताना मागच्या दाराची किल्ली द्यायला मिस्त्रीच्या पायरीशी थांबली.

"अगं, तीस वर्षांचा हक्क आहे," तो म्हणाला. "आक्कानं तुझ्यासाठी..."

"आईला दिवसभर पडद्याआड ठेवून जे राखलंत, त्यात बसून मी बटणं विकू? मला नाही जमणार, मामा." तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "जेवत जा," म्हणाली, सवयीनं, आणि निघून गेली. पुढं तिचा फोन आला नाही.

सहा महिन्यांनी कंपनीची माणसं आली. शटरं काढायची, काचेची दारं बसवायची. चौसष्ट शटरं खाली उतरवायला त्यांना ती ओळखणारा माणूस हवा होता, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो नाही म्हणाला नाही. एकेक काढत गेला. खडखडणारं काढलं, किंचाळणारं काढलं, दोन दमांतलं काढलं. दुकानदार काचेआडून बघायचे, हात करायचे. कोणी वाकडं बोललं नाही, आणि कोणी पायरीवर येऊन बसलंही नाही. आक्काचं त्यानं शेवटी ठेवलं होतं. खण कधीच विकले गेले होते. आत चार भिंती आणि फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग.

त्यानं कुलूप काढलं आणि शटर वर सारलं. कमरेपर्यंत आलं आणि थांबलं.

"काय झालं?" मुकादम मागून म्हणाला.

"अडकतं."

"ठोका की मग. जाईल वर."

"जातं," मिस्त्री म्हणाला. "एकदा ठोकून वर घातलंय मी."

हातोडी त्याच्या हातात होती. खाचेवरचे त्या दिवशीचे घाव अजून चकाकत होते, सात. त्यानं हातोडी पायरीवर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून तो वाकला, पार कमरेत वाकला, आणि शटरखालून आत गेला. आत सरळ उभा राहिला नाही. जिथं खाट होती तिथं तसाच खाली बसला.

"आक्का," तो म्हणाला. आणि तेव्हा कुठं रडला.

"अहो, किती वेळ लागेल?" मुकादम ओरडला. आतून उत्तर आलं नाही. तो थोडा वेळ थांबला, घड्याळ बघितलं, आणि काय झालंय ते बघायला तोही वाकून आत गेला.